ताजे पीच : पोषण, पारख आणि आस्वाद यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनच्या आरंभी मुंबईच्या बाजारातून हापूस ओसरू लागतो. त्याच सुमारास महात्मा जोतिबा फुले मंडईत, दादरच्या फळवाल्यांकडे आणि उपनगरांतील स्टेशनांबाहेरच्या हातगाड्यांवर लालसर, लवदार सालीचे पीच दिसू लागते. अनेक घरांत ते हौसेने एकदा आणले जाते, बेचव किंवा पिठूळ निघते आणि मग पुन्हा आणले जात नाही. यात फळाचा दोष क्वचितच असतो. बहुधा ते पिकण्याआधीच फ्रिजमध्ये गेलेले असते आणि तिथेच त्याची चव हरपलेली असते. म्हणून या पानावर पोषणमूल्यांइतकीच जागा फळ निवडणे, पिकवणे आणि राखणे यांनाही दिली आहे.

पीच आणि आडू एकच का? हे फळ मूळचे कुठले?

होय, एकच. उत्तर भारतातून आलेले फळवाले याला आडू म्हणतात आणि मुंबईतील गिऱ्हाईक बहुधा पीच म्हणूनच मागते. हे गुलाबाच्या कुळातील फळ असून बदाम, जर्दाळू, अलुबुखार आणि चेरी ही त्याची जवळची भावंडे आहेत. प्रुनस पर्सिका या त्याच्या शास्त्रीय नावात पर्शियाचा उल्लेख आहे, कारण युरोपात ते इराणमार्गे पोहोचले. मूळ मात्र चीनचे. यांगत्से नदीच्या खोऱ्यात सापडलेल्या प्राचीन कोयींवरून तिथे त्याची लागवड हजारो वर्षांपूर्वी सुरू झाली असे संशोधक मानतात, आणि आजही जगातील निम्म्याहून अधिक पीच एकट्या चीनमध्ये पिकते. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्सांग या चिनी यात्रेकरूने पंजाबातील चीनभुक्ती या ठिकाणाविषयी लिहिताना, कनिष्काच्या काळी तिथे ठेवलेल्या चिनी ओलिसांनी पीच आणि नाशपाती ही फळे भारतात आणल्याची कथा नोंदवली आहे. ती शब्दशः खरी मानावी की नाही हा वेगळा प्रश्न आहे, परंतु हे फळ आपल्याकडे नवखे नाही एवढे त्यावरून नक्कीच कळते.

मुंबईत ताजे पीच कधी आणि कोठून येते?

हंगामाची सुरुवात पंजाबच्या मालाने होते. तिथल्या मैदानी प्रदेशात शान-ए-पंजाब, अर्ली ग्रँड यांसारख्या कमी थंडीवर फळणाऱ्या जाती लावतात आणि त्यांची तोडणी एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात होते. त्यानंतर जून-जुलैमध्ये हिमाचल प्रदेशातील सिरमौर जिल्ह्यातल्या राजगड परिसराचे, उत्तराखंडातील नैनिताल जिल्ह्यातल्या रामगडच्या बागांचे आणि त्यापुढे काश्मीरचे फळ येते. बहुतेक घाऊक माल वाशीच्या फळबाजारात उतरतो आणि तिथून शहरभर जातो. हंगाम सरल्यावर मोठ्या दुकानांत एकेक फळ जाळीच्या वेष्टनात घालून ठेवलेले परदेशी पीच मिळते. ते देखणे असते, पण लांबच्या प्रवासासाठी टणक असतानाच तोडलेले आणि बराच काळ थंडीत राहिलेले असल्यामुळे चवीला बेभरवशाचे निघते. ज्याला पीचची खरी ओळख करून घ्यायची आहे त्याने जून-जुलैमधील पहाडी माल घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुंबईत घराच्या आवारात पीचचे झाड लावता येईल का?

झाड जगेल, पण फळणे अवघड आहे. पीचच्या कळ्या हिवाळ्यात झोपी जातात आणि ठरावीक तास साधारण ७ अंश सेल्सिअसखालची थंडी मिळाल्याशिवाय नीट उमलत नाहीत. जुन्या पहाडी जातींना अशी थंडी कित्येक शे तास लागते. कमी थंडीच्या जातींनाही साधारण दीडशे ते तीनशे तास हवेच असतात. मुंबईत सांताक्रूझ येथे नोंदलेले नीचांकी तापमानच ७.४ अंश आहे, आणि तेही जानेवारी १९६२ मधले.

पीचमध्ये पोषण नेमके किती असते?

सालीसकट १०० ग्रॅम ताज्या पीचमध्ये सुमारे ८९ ग्रॅम पाणी, ४० किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा, साडेनऊ ग्रॅम कर्बोदके, त्यांतील साधारण साडेआठ ग्रॅम साखर, दीड ग्रॅम तंतू आणि जेमतेम १ ग्रॅम प्रथिने असतात. स्निग्धांश नगण्य असतो. पोटॅशियम सुमारे १९० मिलिग्रॅम आणि क जीवनसत्त्व साधारण ६ ते ७ मिलिग्रॅम मिळते. याशिवाय थोडे नायसिन, थोडे ई जीवनसत्त्व आणि पिवळ्या गराच्या फळात बीटा कॅरोटिन असते, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. मध्यम आकाराचे एक फळ साधारण १५० ग्रॅमचे धरले, तर ते ६० किलोकॅलरीच्या आत बसते.

हे आकडे आपल्या ओळखीच्या फळांशेजारी ठेवून पाहावेत, म्हणजे गैरसमज राहत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाची शिफारस केली आहे. एका पीचमधून त्यातले जेमतेम १० मिलिग्रॅम मिळते, तर १०० ग्रॅम पेरूतून २०० मिलिग्रॅमहून अधिक. बीटा कॅरोटिनच्या बाबतीत आंबा पीचच्या अनेक पट पुढे आहे. म्हणजे केवळ जीवनसत्त्वांसाठी महागडे पीच विकत घेण्याचे कारण नाही. त्या कामाला कोपऱ्यावरचा पेरू आणि बाजारातला आवळा पुरेसे आहेत. पीचची खरी बलस्थाने दुसरीकडे आहेत. वजनाच्या मानाने त्यात उष्मांक कमी आणि पाणी भरपूर असते, त्यामुळे गोड खाल्ल्याचे समाधान थोडक्या साखरेत मिळते. त्याच्या सालीत आणि सालीलगतच्या गरात क्लोरोजेनिक आम्ल, कॅटेचिन यांसारखी पॉलिफिनॉले ही वनस्पतिजन्य द्रव्ये असतात, आणि कोयीभोवती दिसणारा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. ही द्रव्ये प्रयोगशाळेत ऑक्सिडीकरण रोखतात हे खरे आहे. पण तेवढ्यावरून पीच खाल्ल्याने अमुक रोग बरा होतो, असे जे दावे समाजमाध्यमांवर फिरतात, त्यांना आधार नाही आणि ते पुढे पाठवू नयेत.

मधुमेह असलेल्या व्यक्तीने पीच खावे का?

बहुतेकांना एक मध्यम फळ चालते. पीचचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वेगाने वाढते याचे माप, सर्वसाधारणपणे ४२ च्या आसपास सांगितला जातो, आणि ५५ किंवा त्याखालचा निर्देशांक कमी समजतात. एका फळात साधारण १३ ग्रॅम साखर येते. तिच्यात सुक्रोजचा वाटा सर्वांत मोठा असतो. मात्र फळ अख्खे आणि सालीसकट खावे, रस काढू नये, आणि भरपेट जेवणानंतर त्याची भर घालण्याऐवजी सकाळच्या किंवा संध्याकाळच्या मधल्या वेळी मूठभर शेंगदाणे किंवा बदामांसोबत घ्यावे. रोज दोन-तीन फळे खायची असतील तर आपल्या आहारतज्ज्ञांना विचारून इतर कर्बोदकांचा हिशेब जुळवावा लागेल. साखर नियंत्रणात नसताना किंवा इन्सुलिन चालू असताना स्वतःच्या ग्लुकोमीटरवर दोन तासांनी येणारा आकडा हाच सर्वांत विश्वासार्ह सल्लागार असतो.

साल काढून खावे की सालीसकट? ती लव त्रासदायक नाही का?

सालीसकट खावे. तंतू आणि पॉलिफिनॉले यांचा मोठा वाटा सालीतच असतो, आणि पिकलेल्या फळाचा सुगंधही सालीजवळ अधिक असतो. लव म्हणजे सालीवरचे सूक्ष्म केस. ते पोटात गेल्याने अपाय होत नाही, पण जिभेला खरखरीत लागतात आणि त्यांत धूळ अडकून राहते, म्हणून पीच धुताना सफरचंदापेक्षा अधिक काळजी घ्यावी लागते. फळ वाहत्या पाण्याखाली धरून तळहाताने सगळीकडून चोळावे आणि नंतर स्वच्छ सुती फडक्याने पुसावे. बरीचशी लव फडक्यावर निघून येते. साबण किंवा भांडी घासण्याचे द्रावण वापरू नये, कारण फळाची साल ते शोषून घेऊ शकते.

एखाद्या पाककृतीसाठी साल काढायचीच असेल, तर सुरीने सोलून गर वाया घालवू नये. फळाच्या तळाशी अधिकच्या चिन्हासारखी बारीक चीर द्यावी, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवावे आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावे. फळ पुरेसे पिकलेले असेल तर साल बोटांनी अलगद सुटते. ती सुटली नाही, तर फळ अजून कच्चे आहे असे समजावे.

बाजारात चांगले पीच कसे ओळखावे?

लाल रंगावर जाऊ नये, ही पहिली गोष्ट. फळावरची लाली जातीवर आणि झाडावर मिळालेल्या उन्हावर अवलंबून असते. तिचा पिकण्याशी थेट संबंध नाही, आणि काही जातींचे कच्चे फळसुद्धा लालभडक दिसते. पाहायचा तो लालीच्या मागचा मूळ रंग. देठाच्या खोबणीभोवती आणि फळाच्या सावलीतल्या बाजूला हिरवी झाक असेल, तर फळ लवकर तोडले गेले आहे. तिथे पिवळसर किंवा दुधाळ रंग आलेला असेल, तर ते झाडावर पुरेसे भरले आहे.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण पीचमध्ये स्टार्चचा साठा जवळजवळ नसतो. केळ्यात तोडणीनंतर स्टार्चची साखर होते, म्हणून हिरवे केळेही घरी गोड होते. पीच तोडल्यावर मऊ होते, त्याचा वास खुलतो, आंबटपणा काहीसा उतरतो, पण साखर वाढत नाही. झाडावर जेवढी साखर भरली तेवढीच शेवटपर्यंत राहते. हिरव्या अवस्थेत तोडलेले फळ कितीही दिवस ठेवले तरी ते गोड होणार नाही.

यानंतर वास घ्यावा. देठाशी नाक नेल्यावर मंद, गोड सुगंध आला तर फळ दोन-तीन दिवसांत खाण्याजोगे होईल. अंगठा रुतवून दाबून पाहू नये. दाबलेली जागा दुसऱ्या दिवशी तपकिरी होते आणि ते फळ ज्याच्या वाट्याला येते त्याचे नुकसान होते. पूर्ण तळहातात धरून अलगद पकड घट्ट केली, तरी फळ किती ढिले पडले आहे ते कळते. सुरकुतलेली साल, चिकट डाग आणि बारीक टोचल्यासारखी छिद्रे असलेली फळे टाळावीत. ही छिद्रे फळमाशीची असू शकतात. आंबा आणि पेरूवर अंडी घालणाऱ्या फळमाश्या पीचवरही तेच करतात, आणि अशा फळात अळी निघते. पेटी घेताना वरच्या थरावर विसंबू नये. खालच्या थरातली दोन फळे काढून दाखवण्यास सांगावे, आणि चांगला फळवाला त्याला हरकत घेत नाही.

घरी आणलेले टणक पीच कसे पिकवावे?

आंब्याची अढी लावणाऱ्या घरांना हे नव्याने शिकवावे लागत नाही. पीचही आंब्याप्रमाणेच तोडणीनंतर इथिलीन वायू सोडून स्वतःला पिकवते. फळे देठाची बाजू खाली करून, एकमेकांना न चिकटवता, जाड कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रावर एकाच थरात ठेवावीत. घाई असेल तर पिशवीत एक पिकलेले केळे ठेवावे; त्याच्यातून निघणाऱ्या इथिलीनमुळे वेग वाढतो. प्लास्टिकची पिशवी वापरू नये, कारण तिच्यात ओल साठते आणि मुंबईच्या दमट हवेत बुरशीला एवढे निमित्त पुरते.

पीच पिकवण्यासाठी १८ ते २५ अंशांचे तापमान उत्तम मानतात. आपल्या घरांत मे-जूनमध्ये ते ३० च्या वर असते, त्यामुळे फळ भराभर मऊ होते. सकाळी टणक वाटलेले फळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरणीला लागलेले असू शकते. स्वयंपाकघरातल्या शेगडीपासून दूर, घरातला जो कोपरा सर्वांत थंड आणि हवेशीर असेल तिथे ते ठेवावे आणि दिवसातून दोनदा हात लावून पाहावे. देठाजवळचा भाग किंचित दबू लागला आणि खोलीत शिरताच वास आला, की फळ तयार झाले.

फ्रिजमध्ये ठेवलेले पीच पिठूळ आणि कोरडे का होते?

या पानावरचे सर्वांत उपयोगी उत्तर हेच आहे. न पिकलेले पीच साधारण २ ते ८ अंश सेल्सिअस या पट्ट्यात काही दिवस राहिले, की त्याला शीतइजा होते, आणि आपल्या घरातला फ्रिज नेमका याच पट्ट्यात, ४ अंशांच्या आसपास चालतो. नीट पिकताना गरातील पेक्टिन, म्हणजे पेशींना एकत्र बांधून ठेवणारे द्रव्य, टप्प्याटप्प्याने विरघळते आणि त्याबरोबर रस मोकळा होतो. या तापमानात पेक्टिन तोडणाऱ्या विकरांचा (एन्झाइमांचा) परस्पर मेळ बिघडतो. अर्धवट तुटलेले पेक्टिन जेलीसारखे होऊन रस स्वतःत बांधून ठेवते. फळात पाणी पूर्वीइतकेच असते, परंतु दातांखाली रस सुटत नाही आणि गर पिठासारखा लागतो. पुढे कोयीभोवतीचा भाग तपकिरी पडतो आणि सुगंधही हरपतो. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून दोष फळवाल्याच्या माथी जातो.

मोठ्या शीतगृहांत पीच ० अंशाच्या जवळ ठेवतात, कारण तिथे ही इजा अधिक मंदगतीने होते. घरी ते शक्य नाही. म्हणून क्रम एवढाच लक्षात ठेवावा, की आधी बाहेर पूर्ण पिकवावे आणि मगच फ्रिजमध्ये ठेवावे. पूर्ण पिकलेले फळ तिथे तीन-चार दिवस चांगले राहते, आणि खाण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून ठेवल्यास वास पुन्हा खुलतो. एकदा पिठूळ झालेले फळ मात्र पूर्ववत होत नाही. ते फेकू नये. चटणीत किंवा मुरंब्यात त्याचा पोत खटकत नाही.

पावसाळ्यात पीच इतक्या लवकर का नासते?

हवेत ओल असते आणि फळाची साल पातळ असते. तपकिरी कूज आणणारी मोनिलिनिया ही बुरशी दबलेल्या किंवा टोचलेल्या जागेतून शिरते आणि शेजारच्या फळालाही लागते. म्हणून आणल्याबरोबर सगळी फळे धुऊन ठेवू नयेत. खायच्या वेळीच धुवावीत. दबलेली फळे वेगळी काढून त्याच दिवशी संपवावीत. बुरशी दिसलेल्या रसाळ फळाचा तेवढाच भाग कापून बाकीचे खाण्याची सवय सोडून द्यावी, कारण तिचे तंतू मऊ गरात डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात.

पिवळे पीच, पांढरे पीच, चपटे पीच आणि नेक्टरिन यांत फरक काय?

पिवळ्या गराच्या फळात कॅरोटिनॉइडे टिकून राहतात, तर पांढऱ्या गराच्या फळात एक विकर ती रंगद्रव्ये तोडून टाकते. त्यामुळे अ जीवनसत्त्वाच्या दृष्टीने पिवळे सरस आहे. चवीत मात्र पांढऱ्याचे चाहते पुष्कळ आहेत, कारण त्यात आंबटपणा बहुधा कमी आणि फुलांसारखा सुगंध अधिक असतो. आम्हाला स्वतःला आंबटगोड पिवळे पीच अधिक भावते. निव्वळ गोडीपेक्षा त्यातला आंबटपणा जिभेवर जास्त वेळ रेंगाळतो.

चपटे पीच हाही पीचचाच एक प्रकार आहे. नेक्टरिन म्हणजे पीच आणि अलुबुखार यांचा संकर, हा समज चुकीचा आहे. ते लव नसलेले पीचच असते. एका जनुकातील बदलामुळे सालीवर केस येत नाहीत. पोषणात दोघांत फारसा फरक नाही.

कोयीपासून गर सहज सुटतो की चिकटून राहतो, हाही जातीचा गुण आहे. सुटणारे फळ खायला सोपे असते. त्याच्या शिवेवरून सुरी सगळीकडे फिरवून दोन्ही अर्ध हलकेच उलट दिशांना पिळले, की कोय मोकळी होते.

कोयीतला मगज खाता येतो का?

खाऊ नये. मुंबईत सुके जर्दाळू खाऊन झाल्यावर त्यांची बी फोडून आतला बदामासारखा मगज खाण्याची अनेक घरांत सवय आहे, आणि मुले तोच प्रयोग पीचवर करू पाहतात. सुक्या जर्दाळूच्या त्या जातींचा मगज गोड असतो. पीचचा कडू असतो. या कडवटपणामागे अमिग्डॅलिन नावाचे द्रव्य असते आणि मगज चावल्यावर त्यातून सायनाइड मोकळे होते. चुकून एखादा तुकडा तोंडात गेला तर घाबरण्याचे कारण नाही, पण मगज वाटून मिठाईत किंवा दुधात घालणे धोक्याचे आहे. मुलाने बरेच मगज खाल्ले असतील तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

पीच खाल्ल्यावर ओठांना आणि घशाला खाज सुटते. असे का होते?

ही ऍलर्जी असू शकते. पीचमधील काही प्रथिनांमुळे ओठ, जीभ आणि टाळू यांना खाज सुटते किंवा सूज येते. त्यांपैकी लिपिड वाहून नेणारे एक प्रथिन सालीत अधिक असते आणि शिजवल्यानेही नष्ट होत नाही. त्याच्यामुळे अंगभर पित्त उठणे, श्वास लागणे अशी तीव्र लक्षणेही उद्भवू शकतात. दुसऱ्या प्रकारचे प्रथिन उष्णतेने मोडते, म्हणून काहींना कच्चे पीच सोसत नाही, परंतु शिजवलेले सोसते. आपण कोणत्या गटात मोडतो हे घरी प्रयोग करून ठरवू नये. एकदा जरी श्वासाचा त्रास किंवा चक्कर आली असेल, तर फळ पूर्ण बंद करून ऍलर्जीच्या डॉक्टरांकडे तपासणी करावी. बदाम, जर्दाळू आणि चेरी यांचाही त्रास होतो का, हे त्यांना आठवणीने सांगावे. केवळ लवेमुळे हाताला येणारी खाज मात्र वेगळी. ती हात धुतल्यावर जाते.

लहान मुले, गर्भवती आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी कोणती काळजी घ्यावी?

सहा महिन्यांनंतर बाळाला पूर्ण पिकलेल्या पीचचा साल काढून कुस्करलेला गर देता येतो. पहिल्यांदा चमचाभरच द्यावा आणि दोन-तीन दिवस दुसरा नवा पदार्थ सुरू करू नये. मोठ्या मुलांना कोय काढून फोडी द्याव्यात. गर्भवतींना नीट धुतलेले पीच खाण्यास आडकाठी नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पोटॅशियमचा विचार करावा. एका मध्यम पीचमधून २८० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मिळते. वजनाशी वजन तुलना केली तर ते केळ्याच्या जवळपास निम्मे आहे. तरीही डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेतच ते धरावे लागते.

ज्यांचे पोट नाजूक आहे, त्यांना दोन-तीन फळांनंतर गॅस किंवा पातळ शौच होऊ शकते. पीचमध्ये सॉर्बिटॉल हे साखरेसारखे गोड द्रव्य असते आणि ते काहींच्या आतड्यांत पूर्ण शोषले जात नाही. हाच गुण बद्धकोष्ठ असलेल्यांच्या उपयोगी पडतो.

उपवासाला पीच चालते का?

चालते, ताजे फळ आहे. आषाढी एकादशीच्या सुमारास पहाडी पीच ऐन भरात असते, आणि साबुदाणा व शेंगदाण्यांनी जड झालेल्या फराळात त्याच्या दोन फोडींनी पोटाला आराम पडतो. डबाबंद पीचबद्दल प्रत्येक घराचे नियम वेगळे असतात.

डबाबंद किंवा सुकवलेले पीच ताज्याची जागा घेऊ शकते का?

केवळ सोयीपुरती. घट्ट पाकातल्या डबाबंद पीचमध्ये ताज्या फळाच्या जवळपास दुप्पट साखर असते. पाक निथळून घेतला किंवा फळाच्याच रसातला डबा निवडला तर ती बरीच कमी होते. डब्यासाठी मुद्दाम टणक गराच्या, कोयीला चिकटणाऱ्या जाती वापरतात, म्हणून त्यांचा पोत वेगळा लागतो. सुकवलेल्या पीचमध्ये पाणी गेल्यामुळे १०० ग्रॅममागे २४० किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा येते, तेव्हा ते मूठभर न घेता दोन-तीन तुकडेच घ्यावेत.

पीच खाण्याची उत्तम पद्धत कोणती? मराठी स्वयंपाकात ते कसे बसवावे?

पूर्ण पिकलेले पीच नळाखाली धुऊन, किंचित थंड करून, कोपरापर्यंत ओघळणाऱ्या रसाची पर्वा न करता तसेच खावे. फळ चांगले निघाले असेल तर याहून सरस पाककृती नाही, आणि पाहुण्यांसमोर फोडी करून द्यायच्या असतील तर त्यांवर काही भुरभुरण्याचीही गरज नाही.

थोडे टणक किंवा सपक निघालेले फळ मात्र आपल्या स्वयंपाकघरात सुंदर सामावते. बारीक फोडी, घट्ट दही, दाण्याचे कूट, मीठ, किंचित साखर आणि वरून तूप-जिरे-मिरचीची फोडणी एवढ्यावर आंबटगोड कोशिंबीर होते. पराठ्याबरोबर किंवा थालीपिठाबरोबर खाण्यासाठी चटणी करायची तर फोडी गूळ, लाल तिखट, मीठ आणि थोड्या मेथीदाण्याच्या फोडणीवर मंद आचेवर आटवाव्यात. कैरीच्या मेथांब्याचेच तंत्र इथे चालते, फक्त गूळ कमी लागतो, कारण फळ मुळातच गोड असते. मुरंब्यासाठी भरलेली पण टणक फळे घ्यावीत आणि वेलदोड्याबरोबर केशराच्या चार काड्या घालाव्यात. घरच्या चक्क्याच्या श्रीखंडात पीचचा गर घालायचा असेल, तर आधी तो मंद आचेवर आटवून घ्यावा, नाहीतर पाणी सुटून श्रीखंड पातळ होते.

शिकरणीच्या धर्तीवर थंड दुधात पीच कुस्करण्याचा मोह होतो, पण पीचच्या आम्लामुळे दूध फाटू शकते, विशेषतः फळ अर्धवट पिकलेले असेल तर. दुधाऐवजी दही किंवा साय वापरावी. व्हॅनिला आइस्क्रीमबरोबर मात्र त्याचे उत्तम जमते. ओग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच बल्लवाचार्यांनी १८९० च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात गायिका नेली मेल्बा यांच्यासाठी हीच जोडी जमवली होती, आणि पीच मेल्बा म्हणून ती पुढे जगभर पोहोचली. घरी ती करायला पाच मिनिटे पुरतात.

चिरलेल्या फोडी काळ्या का पडतात?

चिरल्यावर गरातील विकर हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने पॉलिफिनॉलांचे तपकिरी द्रव्यांत रूपांतर करते. फोडींना लिंबाचा रस चोळला तर ही क्रिया मंदावते. मुलांच्या डब्यात द्यायचे असेल तर लिंबू लावून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे, किंवा फळ अख्खेच द्यावे. रंग बदललेल्या फोडी खाण्यास हरकत नसते.

पेटीभर पीच एकदम पिकले, तर ते साठवून ठेवता येते का?

येते. साल आणि कोय काढून जाडसर फोडी कराव्यात, लिंबाच्या रसात घोळवाव्यात आणि ताटात एकमेकींना न चिकटतील अशा पसरून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. टणक झाल्या की हवाबंद पिशवीत भरून पिशवीतली हवा दाबून काढावी आणि वर तारीख लिहावी. सहा-आठ महिने त्या चवीला चांगल्या राहतात. वितळल्यावर गर लिबलिबीत होतो, म्हणून अशा फोडी तशाच खाण्यापेक्षा दह्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवून, किंवा चटणीसाठी, गोठलेल्या अवस्थेतच थेट पातेल्यात टाकून वापराव्यात.